माझी माती न्यायला कोण आलं

आधी किळस आली ती स्वतःचीच. सकाळी खोकला आला, तोंडात काहीतरी कोमट, खारट जमलं, मी मोरीत थुंकले आणि तांब्या ओतायच्या आधी वाकून पाहिलं. लाल होतं. घाईघाईनं पाणी ओतलं, राखेनं मोरी घासून काढली, हात धुतले, पुन्हा धुतले आणि शाळेत गेले. दिवसभर चौथीला भागाकार शिकवला. घरी कुणाला काही बोलले नाही.

पुणतांब्याजवळच्या एका खेड्यात मी मास्तरीण होते. आजोबांच्या वेळेपासून आमचं घराणं ख्रिस्ती. माझ्या नवऱ्याचं नाव शांतवन, म्हणजे सांत्वन. नावाचा अर्थ काय आणि मिळालं काय, ते पुढे येईलच. तो साखर कारखान्यात टाइमकीपर होता. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरी माझी धाकटी बहीण सुवार्ता. आईवडील लवकर गेले, तिला मीच वाढवलं, मॅट्रिकपर्यंत शिकवलं. तिच्या वेण्या मी घातल्यात, तिच्या उवा मी काढल्यात.

क्षय झालेल्या बायकांसाठी हे लिहितेय. औषधांचं डॉक्टर सांगतील. ते जे सांगत नाहीत, तेवढंच माझ्याकडे आहे. गोड लिहायला मला जमत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

फोटो

श्रीरामपूरला छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, उजव्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा, इथं पोखरलंय. क्षय आहे. घाबरू नका, आता औषधं आलीत."

मी फोटोकडे पाहत होते, तेवढ्यात शेजारी फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज झाला. शांतवननं स्वतःची खुर्ची मागे ओढली होती. फार नाही, हातभर. डॉक्टरांनी ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही काही पाहिलं नाही असं दाखवलं.

परतताना एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तो दांड्याला धरून उभा राहिला.

"बसा की," मी म्हटलं.

"नको. पाठ अवघडलीय. उभाच बरा हाय."

तो उभ्यानं गावापर्यंत आला. लग्नात याच माणसानं सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात अशी शपथ घेतली होती, सगळ्या मंडळीसमोर, चांगली खणखणीत.

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. त्याचं मला काही वाटलं नाही, ते डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण सुवार्ता पदरानं नाक दाबून यायची आणि मिलोची, म्हणजे रेशनच्या तांबड्या ज्वारीची, भाकरी वरूनच ताटात टाकायची. ताटाबाहेर पडली तर पडली. दुष्काळाचं साल, गोदावरीच्या पात्रात लोक झिरे खणून पाणी काढत होते, आणि मी जमिनीवरची भाकरी झटकून खात होते. मग माझी खाट पडवीत गेली. "ताई, तुझ्याच भल्यासाठी. तिकडं हवा खेळती असते," असं सुवार्ता म्हणाली.

पडवीतून स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू यायचं. आधी वाटलं, दोघं माझ्याबद्दल कुजबुजतायत. चार दिवस कान देऊन ऐकल्यावर कळलं की त्या कुजबुजीत मी कुठे नव्हतेच. सुवार्ता हसायची. ते हसू मला माहीत होतं, नव्या लग्नातलं. मी उशीत तोंड खुपसून खोकत राहिले. शी!

इस्पितळ

नगरच्या बाजूला मिशनचं क्षयाचं इस्पितळ होतं. शांतवननं माझी ट्रंक फाटकाशी ठेवली, "रविवारी येतो" म्हणाला आणि आल्या पावली वळला. कुठल्या रविवारी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिथला दिवस घंटेवर चालायचा. थर्मामीटर, सुई, दूध, अंडं, सक्तीची झोप, पुन्हा थर्मामीटर. कुल्ल्यांवर सुयांच्या गाठी झाल्या होत्या, कुशीवर वळायचं तर दात आवळावे लागत. पास नावाच्या औषधाच्या पुड्या म्हणजे तर निव्वळ शिक्षा, ढेकर आला तरी तीच घाण चव. प्रत्येकीच्या खाटेखाली झाकणाची थुंकदाणी. सकाळी त्या एकदम उघडून न्यायचे, तेव्हा फिनेलच्या वासाखालून दुसरा एक वास उठायचा. त्याचं वर्णन मी करणार नाही. जी तिथं राहिलीय तिला तो माहीत आहे.

चांगलंही होतं, नाही कशाला म्हणू. वॉर्डातली नर्स अन्नम्मा सिस्टर केरळकडची. तिचं मराठी चर्चमध्ये शिकलेलं, त्यामुळे बोलली की प्रवचन चालल्यासारखं वाटायचं. "हे भगिनी, दूध प्राशन करा," असं म्हणायची. ती माझे केस विंचरायची. घरून निघण्याआधी कित्येक दिवस मला कुणाचा हात लागला नव्हता. पहिल्यांदा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी हमसून रडले.

शेजारच्या खाटेवर जामखेडची एक बाई होती. ती गेली. तिची माणसं खडीच्या ट्रकवर जागा मागून आली, अंगावर सगळी धूळ. नवऱ्यानं तिला हातांवर उचलून नेलं. कुणाचं कुणी आलं नाही तर इस्पितळच मागच्या आवारात पुरायचं. तिथे बिननावाचे क्रूस होते. मी मनाशी म्हटलं, काही झालं तरी मला न्यायला येतील. जिवंत बायकोला भितात, मेलेलीला काय भ्यायचं? एवढी खात्री मला अजून होती.

ठकूबाई

एका सोमवारी दुपारी मी खाटेवर बसून दूध पीत होते. वॉर्डाच्या दारात ओळखीचा आवाज आला.

"अवो सिस्टरबाई, पुनतांब्याकडच्या मास्तरीणबाईंची माती कुठं ठिवलीया?"

अन्नम्माला माती म्हणजे एकच माती ठाऊक. ती प्रेमानं म्हणाली, "माती हवी? बाहेर बागेमध्ये विपुल आहे."

"बागंत? अशी उघड्यावर टाकलीया व्हय तुमी?"

मी ग्लास खाली ठेवला. "ठकूबाई?"

शाळेच्या बांधाला बांध असलेलं शेत ठकूबाईंचं. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली होती. ही जुनी शेतकरी मंडळी, आमचं येणंजाणं कधी चहाच्या पुढे गेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो चहाही त्या पडवीतच घ्यायच्या. काखेत पांढऱ्या कोऱ्या कापडाची घडी घेऊन त्या दारात उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी चौकट धरली.

"अगं आई गं! बाई... तुमी हायसा?"

"आहे."

"न्हाई, म्हंजी जित्त्या हायसा?"

"दूध पितेय, ठकूबाई."

त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला की रडायला लागल्या, मला कळेना.

झालं होतं ते असं. आमच्या मंडळीतले वडील नथोबा, म्हणजे चर्चच्या कारभारातले एक मोठे, शनिवारी बाजारासाठी नगरला आले होते. शांतवननं त्यांना "जमलं तर तिची खबर घ्या" म्हणून सांगितलेलं. नथोबा लागण होईल म्हणून आत आले नाहीत. दारातूनच त्यांनी अन्नम्माला विचारलं, "सगुणाबाई कशा हायेत?" तेव्हा सक्तीची झोप चालू होती. अन्नम्मानं आपल्या चर्चच्या मराठीत उत्तर दिलं, "सगुणाबाई निजली."

आता आम्हा ख्रिस्ती लोकांत माणूस मरतो असं कुणी म्हणत नाही. तो प्रभूमध्ये निजतो. पत्रिकेत तेच, थडग्यावर तेच. नथोबांनी टोपी काढली, डोळे मिटले, दारातच प्रार्थना केली आणि एसटी पकडली.

"मी त्यांना पाहिले," अन्नम्मा हात चोळत म्हणाली. "मला वाटले, किती भक्तिमान मनुष्य!"

मलाही हसू येणार होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं. "ठकूबाई, मग मला न्यायला कोण येतंय?"

ठकूबाई कापडाच्या घडीवरून हात फिरवत राहिल्या.

"शनवारी सांच्यालाच मी तुमच्या मालकांना इचारलं, बाईंची माती कवा आनायची? म्हनलं, आमची गाडी जुपती, ठेसनापर्यंत तरी. तर म्हनले, मिशनवाले तिकडंच उरकत्यात. आन चुना भिजत घातला व्हता त्यांनी. काल घर पांढरं केलं."

"आणि सुवार्ता?"

"तिनं तुमचं हातरून जाळलं. लुगडी न्हाई जाळली."

"आणि चर्चमध्ये?"

"काल तुमच्या पाळकसायबांनी मर्तिकाची भक्ती घेतली तुमच्या नावानं. मी भाईर लिंबाखाली हुते. लई गानी म्हनली. मंग चा झाला. मला वाटलं, आता कुनी उठंल, आता उठंल. चा पिऊन समदे घरी गेले."

"आणि तुम्ही आलात."

"मंग कुनी याया नगं का? पोरांना शिकिवलं तुमी. मानसाला असं परक्या जागी टाकून द्याचं व्हय? ती काय गाय हाय, वड्याला वढून टाकाया?"

थोड्या वेळानं त्यांना कापडाची काळजी लागली. असलं कापड घरी परत नेत नाहीत. अन्नम्मानं ते मागून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत कापून त्याच्या पट्ट्या केल्या.

भिंतीकडे तोंड

ठकूबाईंनी गावात जाऊन मी जिवंत असल्याचं सांगितलं. तरी कुणी आलं नाही. पुढच्या बाजाराला नथोबा पुन्हा दारापर्यंत आले आणि तिथूनच म्हणाले, "बाई, गैरसमज झाला. पन आता येवढी भक्ती झाली, लोकांना काय सांगावं, त्यो मोठा पेच झालाय." मी मेले नव्हते याची त्यांना अडचण होत होती! शांतवन आणि सुवार्ताला तर जास्तच. मी जिवंत म्हटल्यावर पाळकसाहेब त्यांचं लग्न कसं लावणार?

मला प्रत्येकाची किळस यायला लागली. माझ्यावर गाणी म्हणणारे ते गळे, नंतर त्याच गळ्यांतून उतरलेला चहा. बायकांच्या बाकांवर बसून डोळे पुसणारी माझी बहीण, आणि तिनं डोळे पुसले असतील तो पदर बहुतेक माझाच. प्रेत कुठं आहे, एवढा साधा प्रश्न एका ख्रिस्ती माणसाला पडला नाही. तो विचारला माझ्या घरात चहासुद्धा आत येऊन न घेणाऱ्या बाईनं.

देवाचीही किळस आली. आता लिहायला लाज वाटत नाही. सकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की मी भिंतीकडे तोंड करायचे. पुडी तोंडात घ्यायचे, पाणी प्यायचं सोंग करायचे आणि सिस्टरची पाठ वळली की थुंकदाणीत टाकायचे. ज्यांनी मला पुरलंय त्यांचं म्हणणं खरं करून टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. ताप चढायला लागला, वजन उतरायला लागलं. डॉक्टर फोटो पुन्हा पुन्हा पाहायचे, त्यांना काही उमगेना.

कुणी बाई हे वाचत असेल आणि तीही पुड्या थुंकत असेल, तर तिला सांगते, ज्यांच्यावर राग काढायला तू हे करतेयस, ते तिकडे चुना भिजवतायत. त्यांना काही फरक पडत नाही.

उत्तम शुक्रवार

मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. त्या दिवशी भक्ती व्हरांड्यातच व्हायची आणि आमच्या खाटा तिकडे ओढून नेत, त्यामुळे पळायला जागा नव्हती. इस्पितळाचे प्रचारक म्हातारे, दातांचा पत्ता नाही, अर्धे शब्द हवेतच जायचे. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. ती हकीकत मला जन्मापासून पाठ होती. धरून नेणं, फटके, खिळे. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की माणूस ऐकत नाही, तशी मी आजवर दर वर्षी ऐकत आले होते.

म्हातारेबाबा हकीकतीतल्या संध्याकाळपर्यंत आले. प्रभूनं प्राण सोडलाय, देह तसाच वर लटकतोय. खाली उतरवणार कोण? तीन वर्षं ज्यांना बरोबर घेऊन हिंडला, ज्यांच्या ताटात जेवला, ते पळालेले. बायका तेवढ्या लांबून पाहतायत. मग एक बाहेरचा माणूस उठतो, ज्याचं नाव तोवर कुणी ऐकलंही नव्हतं. तो अधिकाऱ्यासमोर जातो आणि म्हणतो, त्याचं प्रेत मला द्या. येताना तो कोरं कापड घेऊन येतो.

मी पांघरूण काढून उठून बसले.

इतक्या वर्षांत हे मला कसं दिसलं नव्हतं? त्यालाही न्यायला घरचं माणूस आलं नव्हतं. त्याचे जवळचे कुठेतरी दाराला कडी लावून बसले होते, आणि माती मागायला गेला तो परकाच. काखेत कापड घेऊन, ठकूबाईंसारखा! मी मोठ्यानं रडायला लागले. नाक वाहतंय, खोकला येतोय, थुंकदाणी सापडत नाही, सगळा घाणेरडा प्रकार. प्रचारक थांबले. अन्नम्मा धावत आली. मी तिला म्हटलं, "सिस्टर, त्याला माहीत आहे. त्याला सगळं माहीत आहे."

त्या दुपारी मी पाठ न केलेली पहिली प्रार्थना केली. तीत आभार वगैरे काही नव्हते. शांतवनची, सुवार्ताची, नथोबांच्या टोपीची मनात साठलेली सगळी घाण मी त्याच्यासमोर ओतली. त्यानं नाकाला पदर लावला नाही. खुर्ची मागे ओढली नाही. संध्याकाळची पुडी आली तेव्हा मी ती गिळली, वर दोन ग्लास पाणी प्यायले आणि अन्नम्माला म्हटलं, "किती घाण लागतं हे!" तिला फार आनंद झाला.

माझी किळस गेली असं समजू नका. माफीची प्रार्थना म्हणताना माझी जीभ आजही जड होते. पण ती किळस रात्रंदिवस एकटीनं चघळत बसायचं मी थांबवलं, आणि तेवढ्यानं मला भूक लागायला लागली.

आमचं चर्च

पुढच्या पावसाळ्यानंतर माझी थुंकी साफ आली. डॉक्टरांनी सांगितलं, आता तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही, शाळेत जा, चारचौघांत बसा. शांतवननं घरी बोलावलं नाही. मीही गेले नसते. ठकूबाईंनी विहिरीजवळची खोली सारवून दिली. "तुमच्या हातचं आमाला चालत न्हाई असं नगा समजू," असं त्यांनी त्या दिवशी आपण होऊन सांगितलं आणि माझ्या चुलीवरचा चहा आत बसून प्याल्या.

राहिलं होतं ते एकच. ज्या चर्चनं माझ्या नावानं भक्ती घेतली, तिथं मला जिवंतपणी प्रभुभोजन घ्यायचं होतं. तेवढं झाल्याशिवाय मी या गावात मेलेलीच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी गेले. मी आत पाऊल टाकताच गाण्याचा सूर पातळ झाला. शांतवन पुरुषांच्या बाजूला. सुवार्ता बायकांच्या बाजूला, माझं जांभळं पातळ नेसून. मला पाहून तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला. मी सगळ्यात पुढच्या बाकावर बसले. त्या बाकावर माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो. मनुका भिजवून केलेला रस त्यात ओततात. लोक पुढे येऊन वेदीसमोरच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकतात, पाळकसाहेब एकेकाच्या ओठांना प्याला लावतात आणि प्रत्येकानंतर कडा फडक्यानं पुसतात. एकदा आशीर्वाद मागितलेला रस टाकून देत नाहीत. उरेल तो साहेबांनीच संपवायचा.

साहेबांनी बोलावलं तशी मी उठले आणि गुडघे टेकले. भाकरीचा तुकडा घेतला. प्याला ओठांना लागला, एक घोट घेतला. माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामीच होती.

"या," साहेब लोकांना म्हणाले.

कुणी हललं नाही.

"प्रभूचं भोजन तयार आहे. या."

मागे बाक करकरला, पण उठलं कुणीच नाही. नथोबा वर कौलांकडे पाहत होते. शांतवन खाली पाहत होता. मला वाटलं, आताच जाऊन त्या सगळ्यांच्या तोंडावर खोकावं. खरंच वाटलं. मी तशीच खिळून राहिले, कारण आता प्याला आणि साहेब, दोघंच उरले होते.

साहेब म्हातारे होते. माझ्या नावाची भक्ती यांनीच घेतली होती. भरल्या प्याल्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. एका हातात फडकं होतं. मी त्या फडक्यावर नजर लावून बसले. त्यांनी कड पुसली असती तर मी उठून गेले असते आणि कुठल्याच चर्चची पायरी पुन्हा चढले नसते.

त्यांनी फडकं मेजावर ठेवलं. मग दोन्ही हातांनी प्याला धरला आणि माझे ओठ लागले होते तिथूनच प्यायला सुरुवात केली. रस पुष्कळ होता. मध्ये ठसका लागला, हनुवटीवरून ओघळ गेला, तरी थांबले नाहीत. प्याला रिकामा झाल्यावर ते कठड्याच्या अलीकडे, लोकांच्या बाजूला आले आणि माझ्याशेजारी हळूहळू गुडघे टेकले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"सगुणाबाई," ते हलकेच म्हणाले, "मी विचारलंसुद्धा नाही, प्रेत कुठं आहे म्हणून."

"इथं आहे, साहेब," मी म्हटलं.